ताणलेला धागा

१९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ब्रूस निकलस आणि कॅरोल कॉख यांनी नाकतोड्याच्या जिवंत पेशीत मुद्दाम एक चूक घडवली. पेशी शुक्राणू घडवण्यासाठी विभागायला निघालेली. काचेच्या अतिबारीक सुईनं त्यांनी गुणसूत्रांची एक जोडी अशी फिरवली, की दोन्ही जोडीदारांचे धागे पेशीच्या एकाच ध्रुवाकडे अडकले. एरवी अशी चूक टिकत नाही. धागे सुटतात, जोडी वळते आणि नव्यानं अडकते. पण सुईनं ती जोडी जोवर उलट दिशेला ओढून धरली, तोवर चूकही जशीच्या तशी टिकली. सुई सैल केल्यावर मात्र धागे सुटले.

आपलं गुणसूत्र नीट अडकलंय हे पेशीला कसं कळतं, याचं उत्तर या प्रयोगात होतं. ती ताण पाहते. दोन्ही ध्रुवांकडून खेच बसली तर जोडणी पक्की, ढील पडली तर कच्ची. इतक्या साध्या खुणेवर पेशीचं भवितव्य ठरावं, हे आजही थक्क करतं.

तिथवर पोचायला नव्वद वर्षं लागली होती. जर्मनीतल्या कील शहरात वाल्टर फ्लेमिंग सॅलमँडरच्या अळ्यांच्या विभागणाऱ्या पेशी रंगवून पाहत असत; त्या पेशी मोठ्या, त्यांतली गुणसूत्रं जाड. या विभाजनाला 'मायटोसिस' हे नाव त्यांनीच दिलं आणि १८८२ साली सगळं पुस्तकात मांडलं. गुणसूत्रासाठीचा 'क्रोमोसोम' हा शब्द मात्र वाल्डायर यांचा, १८८८ सालचा. पुढे थिओडोर बोव्हेरी यांनी सागरी अर्चिनच्या एकाच अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर काय होतं ते तपासलं. अशा अंड्यात दोनाऐवजी चार ध्रुव तयार होतात, गुणसूत्रांची वाटणी कशीही होते आणि बहुतेक भ्रूण बिघडतात. कोणत्या पेशीला कोणती गुणसूत्रं मिळाली याला महत्त्व आहे, हे १९०२ साली त्यांनी ठामपणे सांगितलं.

ही वाटणी करणाऱ्या धाग्यांबद्दलच, म्हणजे तुर्कतंतूंबद्दलच, मात्र शंका होती. मेलेल्या, रसायनांत मुरवलेल्या पेशीत ते स्पष्ट दिसत. जिवंत पेशीत जवळजवळ नाहीच. मग ते खरे, की रसायनांनी निर्माण केलेला भास? हा वाद मिटवला शिन्या इनोउए यांनी. युद्धानंतरच्या जपानमध्ये त्यांनी ध्रुवित प्रकाशावर चालणारा सूक्ष्मदर्शक स्वतः जुळवला. त्याच्या बैठकीला मशीनगनचा टाकाऊ भाग होता आणि दिव्याच्या आवरणाला चहाचा डबा. नंतर अमेरिकेत सुधारलेल्या उपकरणातून त्यांनी सागरी कृमीच्या अंड्यात आणि लिलीच्या परागपेशींत जिवंत तंतू दाखवले. १९५३ साली तो पुरावा छापून आला. अंडं थंड केलं की तंतू विरघळत, ऊब मिळाली की परत उभे राहत. कॉल्चिसिन या विषानंही ते विरत.

हेच कॉल्चिसिन आपल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं धरणाऱ्या या वेलीचे कंद आणि बिया विषारी, आणि त्या विषातलं एक रसायन पेशीतल्या तुर्कतंतूंवर घाव घालतं. त्याच विषाचा माग काढत १९६७ साली गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर ते नेमकं कशाला चिकटतं याच्यापर्यंत पोचले. तुर्कतंतू घडवणारं ते प्रथिन पुढे ट्युब्युलिन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ट्युब्युलिनच्या नलिका सतत वाढतात आणि अचानक कोसळतात, हे १९८४ साली मिचिसन आणि किर्शनर यांनी दाखवलं. पेशीत धागे चाचपडत फिरतात, गुणसूत्र सापडलं तर धरतात, नाही सापडलं तर मोडून पुन्हा वाढतात.

धरलं नाही तर? १९९१ साली पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये दोन गटांनी एकाच वेळी पहारेकरी जनुकं शोधली. तंतू मोडणारं बुरशीनाशक घातलं की निरोगी यीस्ट विभाजन थांबवून वाट पाही. ही जनुकं बिघडलेलं यीस्ट मात्र न थांबता पुढे जाई आणि मरे. पहारा कुठून हाक देतो, हे संशोधक रीडर यांच्या गटानं १९९५ साली लेसरनं दाखवलं. न अडकलेल्या शेवटच्या कायनेटोकोअरचा, म्हणजे गुणसूत्रावर धागा धरणाऱ्या जागेचा, त्यांनी नाश केला आणि थांबलेली पेशी विभागायला लागली. त्याच वर्षी निकलस पुन्हा सुईकडे वळले. प्रार्थनाकीटकाच्या पेशीत एकटं पडलेलं लिंगगुणसूत्र सगळं विभाजन अडवून बसतं. त्याला सुईनं ओढताच अडथळा दूर झाला. सव्वीस वर्षांपूर्वीचाच ताण, या वेळी थेट पहाऱ्याला शांत करणारा.

२०१० साली सिअॅटलमधल्या गटानं यीस्टमधून वेगळी काढलेली कायनेटोकोअर प्रकाशाच्या चिमट्यानं ओढून पाहिली. ठराविक मर्यादेपर्यंत ओढ वाढली की पकड सुटण्याऐवजी अधिक टिकते, असं दिसलं. म्हणजे पेशीतल्या कुठल्याही मध्यस्थाविना, ताण पकड घट्ट करू शकतो.

पण ताण येण्यासाठी दोन अर्धगुणसूत्रं, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती, एकमेकींना बांधलेली असावी लागतात. ती बांधणारं कोहेसिन हे प्रथिन १९९७ साली सापडलं. स्त्रीच्या अंडपेशी तिच्या जन्माआधीच तयार होतात आणि विभाजनाच्या मधोमध वर्षानुवर्षं थांबतात. तोवर तेच कोहेसिन दोरी धरून राहतं. उंदरांवरच्या २०१० च्या अभ्यासांत वयाबरोबर ते कमी होत असल्याचं आढळलं. दोरी सैल झाली की ताण जातो, आणि चुकीची जोडणी सुधारण्याची खूणही. चाळिशीतल्या आईच्या अंडपेशीत एकविसावं गुणसूत्र एक जास्त राहण्याची शक्यता वाढते, त्यामागचं एक कारण हेच.