कसारा घाटाचा चढ किती अंशांचा? टॅन इन्व्हर्सचे पाच गैरसमज

कसारा ते इगतपुरी या थळ घाटात रेल्वेचा चढ १:३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १८६५ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर आजही बहुतेक लांब गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. हा चढ अंशांत हवा असेल तर एक्सेल, लिबर ऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्समध्ये टॅन इन्व्हर्ससाठी ‘एटॅन’ फंक्शन आहे. पण एकक किंवा दिशा चुकली तर शीट टोकत नाही. म्हणून हे गैरसमज आधीच दूर केलेले बरे.

गैरसमज १: १:३७ म्हणजे ३७ अंश.
वस्तुस्थिती: ३७ अंशांच्या चढावर ३७ मीटर अंतरात जवळपास २८ मीटर उंची गाठावी लागेल. घाटाचा कोन आहे फक्त १.५५ अंश. तसंच १०० टक्के चढ म्हणजे ९० नव्हे, ४५ अंश.

गैरसमज २: एटॅनचं उत्तर अंशांत येतं.
वस्तुस्थिती: ते रेडियनमध्ये येतं. १/३७ म्हणजे ०.०२७०३ आणि त्याचा एटॅन ०.०२७०२. आकडा जवळपास तोच दिसल्यामुळे फंक्शन चाललंच नाही असं वाटतं. लहान कोनांत टॅन आणि रेडियन जवळजवळ सारखेच असतात, इतकंच. अंशांसाठी =डिग्रीज(एटॅन(१/३७)) लिहा; टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करा.

गैरसमज ३: टॅन इन्व्हर्स म्हणजे १ भागिले टॅन.
वस्तुस्थिती: पुस्तकात टॅनच्या डोक्यावर −१ लिहितात, त्यातून हा घोळ होतो. १ भागिले टॅन म्हणजे कॉट. शीटमध्ये १ चा एटॅन ०.७८५ येतो, तर १/टॅन(१) चं उत्तर ०.६४२.

गैरसमज ४: दिशा काढायलाही एटॅन पुरतं.
वस्तुस्थिती: नाशिकच्या रामकुंडापासून त्र्यंबकेश्वर ढोबळमानाने २७ किलोमीटर पश्चिमेला आणि ८ किलोमीटर दक्षिणेला आहे. पश्चिम आणि दक्षिण उणे धरून −८ ला −२७ ने भागलं की दोन्ही उणे चिन्हं जातात आणि एटॅन १६.५ अंश दाखवतं. पूर्वेकडून उत्तरेकडे मोजलेला हा कोन त्र्यंबकऐवजी निफाडच्या बाजूला नेतो! इथे ‘एटॅन२’ हवं; =डिग्रीज(एटॅन२(−२७, −८)) बरोबर −१६३.५ अंश देतं. होकायंत्राची दिशा हवी असेल तर ९० मधून हे उत्तर वजा करा: २५३.५ अंश. वजाबाकी उणे आली तर ३६० मिळवा.

गैरसमज ५: एटॅन२ चा क्रम सगळीकडे एकच.
वस्तुस्थिती: वरच्या तिन्ही शीटमध्ये आधी क्ष (पूर्व-पश्चिम), मग य (उत्तर-दक्षिण). पायथन आणि सी या भाषांमध्ये नेमकं उलट, आधी य.

सूत्र शंभर ओळींत खाली ओढण्याआधी ते माहीत असलेल्या कोनावर तपासा. १ ला ४५ अंश आले तर एकक बरोबर. मग एटॅन२ मध्ये ठाऊक असलेल्या गावाची दिशा काढा. ती जुळली की क्रम आणि चिन्हंही बरोबर.