सेहेचाळीस घोड्यांचा जमाखर्च

जोड सिलिंडरांच्या मोटारसायकलींवर लेख लिहा आणि कोणती गाडी किती घोड्यांची हे वाचकांना एकदा नीट कळू द्या, असा संपादकांचा हुकूम आला. त्याबरहुकूम आकडे जमवावयास बसलो असता दोन नोंदी शेजारीशेजारी आल्या आणि त्यांनी पुढचे सारे काम अडवून धरले. पहिली नोंद १९५९ सालच्या ट्रायम्फ बॉनव्हिलची : ६४९ घन सेंटिमीटर, ४६ अश्वशक्ती. दुसरी २०१८ साली बाजारात आलेल्या रॉयल एनफील्ड इंटरसेप्टरची : ६४८ घन सेंटिमीटर, ४७ अश्वशक्ती. त्यातही हे सत्तेचाळीस घोडे मेट्रिक मापाचे, म्हणजे ब्रिटिश घोड्यापेक्षा प्रत्येकी सुमारे दहा वॉट उणे. हे ध्यानात घेतले की तेही सेहेचाळीसांवरच येऊन ठेपतात. मधल्या एकोणसाठ वर्षांत धातू, इंधन आणि वंगण यांच्या शास्त्रांत एवढी क्रांती झाली असताना एकही घोडा वाढू नये, याचा उलगडा माहितीपत्रकांत होईना. त्यासाठी पुण्याच्या नाना पेठेत, जुनी विलायती एंजिने उघडणाऱ्या एका वयोवृद्ध मिस्त्रींच्या दुकानाची पायरी चढावी लागली.

इतिहास थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. एडवर्ड टर्नर या कल्पक अभियंत्याने १९३७ साली कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कारखान्यातून ‘स्पीड ट्विन’ बाहेर आणली. तिचे सुमारे २७ घोड्यांचे एंजिन इतके आटोपशीर होते की ते एका सिलिंडरच्या गाडीच्या सांगाड्यात सहज बसले. नोव्हेंबर १९४० मधील जर्मन बाँबवर्षावात तो कारखाना बेचिराख झाला आणि मेरिडेन येथे नवा उभारण्यात आला. पुढे अमेरिकी गिऱ्हाइकांच्या वेगाच्या हव्यासापायी ५०० घन सेंटिमीटरचे एंजिन ६५० चे झाले, एका कार्बोरेटरच्या जागी दोन आले आणि सत्तावीस घोड्यांचे सेहेचाळीस झाले.

परंतु या सर्व वाढीत एक गोष्ट टर्नरने ठरविली तशीच राहिली : दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येत आणि एकाच वेळी खाली जात. यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट असा समान ताल मिळे. पण त्याचबरोबर दोन पिस्टनांचा धक्काही एकत्र बसे. मिस्त्रींच्या दुकानी गेलो तेव्हा नेमका असाच एक क्रँक दोन समपातळीतल्या धारदार पट्ट्यांवर आडवा ठेवलेला होता. पिस्टन, पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक यांचे वजन करून त्याचा ठरावीक हिस्सा क्रँकपिनेला टांगावयाचा, आणि क्रँक कोणत्याही कोनात सोडला तरी जागच्या जागी थांबेपर्यंत मधल्या फ्लायव्हीलला भोके पाडून धातू काढीत राहावयाचे, असा तो उद्योग चालला होता. सगळेच वजन का टांगीत नाही, असे मी विचारताच त्यांनी मान वर न करता उत्तर दिले :

“सगळं टांगलं तर वरखालचा धक्का जाईल साहेब, पण तेवढाच पुढंमागं सुरू होईल. कंप मरत नाही, दिशा बदलतो. ह्या फ्रेमला तो कुठून कमी बोचेल, तेवढंच आपल्या हातात.”

या यंत्राचा सारा जमाखर्च त्या वाक्यात होता. एंजिनाचा पीळ (टॉर्क) आणि त्याचे फेरे यांच्या गुणाकाराने अश्वशक्ती ठरते. पीळ तोच राखून मिनिटाचे फेरे ५००० वरून ६५०० वर नेले, तर जमेस तीस टक्के शक्ती पडते. परंतु पिस्टनचा धक्का फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे खर्ची सुमारे एकोणसत्तर टक्के पडतात. मग दिव्यांच्या तारा तुटतात, नट सैल होतात, तेल पाझरते आणि स्वाराच्या हातांना मुंग्या येतात. नॉर्टनने १९६७ साली ‘कमांडो’त या दुखण्यावर इलाज केला तो एंजिन रबरावर बसवून, म्हणजे कंप तसाच ठेवून स्वाराला तेवढा त्यापासून वेगळा काढला. होंडाने त्याआधी, १९६५ साली, दोन पिस्टन आळीपाळीने वरखाली करून ४४४ घन सेंटिमीटरच्या एंजिनातून ८५०० फेऱ्यांना ४३ घोडे काढून दाखविले, आणि निव्वळ घोड्यांच्या शर्यतीत विलायतेचा पराभव अटळ असल्याची ती पहिली नोटीस ठरली. मेरिडेनचा कारखाना संप, ठिय्या आणि कामगारांची सहकारी संस्था अशा स्थित्यंतरांतून जाऊन १९८३ साली बंद पडला.

आता त्या दुसऱ्या नोंदीकडे, म्हणजे इंटरसेप्टरकडे, वळू. इंग्लंड आणि चेन्नई येथील अभियंत्यांनी आखलेल्या या एंजिनात क्रँकच्या दोन पिना २७० अंशांच्या अंतराने आहेत. एक पिस्टन टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो तेव्हा दुसरा जवळजवळ कमाल वेगात असतो. त्यामुळे दुप्पट गतीने उठणारा दुय्यम कंप परस्पर फिटतो, आणि उरलेल्या प्राथमिक कंपाचा बंदोबस्त उलट फिरणारा एक बॅलन्सर शाफ्ट करतो. स्ट्रोक ८२ मिलिमीटरांवरून ६७.८ वर आणल्यामुळे ७२५० फेऱ्यांनाही पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर राहते; बॉनव्हिलमध्ये ती ६५०० फेऱ्यांनाच पावणेअठरा होई. घोडे तितकेच असले तरी त्यांच्यावरचा खर्च उतरला आहे, हे या साठ वर्षांचे खरे उत्पन्न होय.

तथापि हा समतोल केवळ विवेकातून आला असे समजण्याचे कारण नाही. युरोपात मधल्या दर्जाच्या परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच मोटारसायकल चालविता येते, आणि या एंजिनाची नोंदलेली शक्ती ३४.६ किलोवॅट आहे; घोड्यांना लगाम घातला तो बव्हंशी कायद्याने. शिवाय गाडी दोनशे किलोंच्या वर गेली आहे. हवा आणि तेल यांवर थंड होणाऱ्या एंजिनाला धुराचे निर्बंध दर फेरीस अधिकाधिक जाचक होत जाणार, हेही उघड आहे. मिस्त्रींना निराळीच काळजी. या एंजिनाचे टॅपेट अजून पान्याने आणि फिलर गेजने लावता येतात, याचे त्यांना अपार कौतुक. पण इंधनाच्या इंजेक्शनात बिघाड झाला की यंत्राला काय होते आहे ते संगणक जोडल्यावाचून समजत नाही, आणि ती विद्या त्यांच्या दुकानात कोणी शिकलेली नाही. उलट तरुण गिऱ्हाइके येतात ती बोअर वाढवून आणखी दहापंधरा घोडे मागावयास. त्यांना नकार देणे हा आता मिस्त्रींच्या कामाचाच एक भाग झाला आहे, आणि तो फारसा यशस्वी होत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जाते.

म्हणून संपादकांनी मागितलेला तक्ता मी दिलेला नाही. किती घोडे, या प्रश्नाला किती फेऱ्यांना आणि किती वेळ, हे दोन पोटप्रश्न जोडल्यावाचून कोणताही आकडा गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा नाही, आणि जाहिराती पहिल्याच प्रश्नापाशी थांबतात.