सहनशक्तीच्या शर्यती आणि कायद्याची मर्यादा

गावाच्या मैदानात खांब रोवून, दिव्यांच्या माळा लावून, कित्येक दिवस अखंड सायकल चालविण्याचे खेळ एके काळी आपल्याकडे होत असत. स्वार जेवण व स्नानही सायकलवरच उरकी आणि गावकरी कौतुकाने त्याच्या सदऱ्यास नोटा टाचीत. असा खेळ थांबवावयाचा कोणी? स्वाराचे पोट त्यावर, संयोजकाची मिळकतही त्यावरच; शिवाय सतत जागलेल्या माणसास आपली शक्ती संपली हे उमगेलच असे नाही.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्यापुढे आला तो सायकलच्याच शर्यतीतून. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९१ पासून सहा दिवसांच्या शर्यती भरू लागल्या. सर्वाधिक अंतर कापील तो विजयी. झोप किती घ्यावी हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. साहजिकच झोप घेणारा मागे पडू लागला. १८९७ च्या विजेत्याने ३,३०० किलोमीटरांहून अधिक मजल मारली, परंतु अशा शर्यतींच्या अखेरीस स्वारांना भास होत, कोणी कोसळून पडत. वृत्तपत्रांतून टीका झाली व १८९८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. त्याने शर्यत बंद केली नाही. एका स्वाराने दिवसातून बारा तासांपेक्षा अधिक काळ भाग घेऊ नये, एवढेच बंधन घातले. संयोजकांनी मग दोघांच्या जोड्या केल्या. एक धावे तेव्हा दुसरा विसावे. प्रेक्षक घटले नाहीत. जोडीची ती शर्यत ‘मॅडिसन’ या नावाने ऑलिम्पिकपर्यंत पोहोचली. नियम आले की खेळ बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

अखंड नृत्याच्या स्पर्धांचे मात्र तसे झाले नाही. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका स्त्रीने सहा जोडीदार बदलून २७ तास नृत्य केले. त्याच वर्षी ८७ तास नाचलेला एक तरुण मृत्यू पावला. पुढे मंदीच्या काळात बेकार माणसे केवळ निवारा व जेवण मिळते म्हणून या स्पर्धांत आठवडेच्या आठवडे काढू लागली. सिॲटल शहराने १९२८ मध्ये व वॉशिंग्टन राज्याने १९३७ मध्ये त्यांवर बंदीच घातली.

भारतातही असा प्रसंग घडला आहे. २ मे २००६ रोजी ओडिशात चार वर्षांचा एक मुलगा पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने ६५ किलोमीटर धावला. अतिश्रमाची लक्षणे दिसताच डॉक्टरांनी त्याला थांबविले. पुढे राज्य शासनाने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यास मनाई केली. मुलाची तयारी होती, हा युक्तिवाद तेव्हा झाला. कायदा तो मानीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार खेळातील इजेस संमतीचे संरक्षण मिळते, पण ती संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीची असावी लागते. आणि मृत्यू वा गंभीर दुखापत संभवते हे ठाऊक असेल, तर प्रौढाची संमतीही उपयोगी पडत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ तर ताब्यातील बालकास अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील असे वागणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगते. त्यात शिक्षक व प्रशिक्षकही येऊ शकतात, आणि सहसा आईवडीलही.