हूड सावली देते, जीव चौकट वाचवते

यंत्र आणि शेतकरी : लेखांक ११

मागच्या लेखात ट्रॉलीचा हूक आणि ड्रॉबारची उंची यांचे गणित पाहिले. या वेळी ड्रायव्हरच्या डोक्यावर बसणाऱ्या फायबरच्या हूडकडे वळू.

नेवासा तालुक्यात सोनईला मुळा आणि भेंड्याला ज्ञानेश्वर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. हंगाम मार्चपर्यंत, कधी त्याहून पुढे लांबतो. फडात भरणी होईपर्यंत थांबायचे, मग कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत थांबायचे. फाल्गुन-चैत्राचे ऊन असे तासन्‌तास डोक्यावर घेणाऱ्या ड्रायव्हरला हूड ही चैन नाही, कामाची गरज आहे. नव्या ट्रॅक्टरबरोबर बंपर, हूक, टॉप लिंक यांच्या जोडीला कधीकधी हूडही मिळते. जुन्या ट्रॅक्टरला मात्र बहुतेक वेळा बाजारातले हूडच बसवावे लागते.

हूड बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे, असे आपण समजतो. या समजाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. घाईने बसवलेले हूड दुसऱ्या हंगामापर्यंत भोकांपाशी तडकते, हे पैशाचे नुकसान झाले. डोक्यावर छत आले म्हणून ड्रायव्हर स्वतःला सुरक्षित समजू लागतो, हा जिवाचा धोका आहे. दोन्ही टाळायचे तर आधी फायबर ही काय वस्तू आहे ते समजून घ्यायला हवे.

काचेचा धागा आणि रेझिन

आपण ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतो त्यात दोन पदार्थ एकत्र काम करतात. काचेचे केसासारखे बारीक धागे ताण सोसतात आणि पॉलिएस्टर रेझिन त्या धाग्यांना जागेवर धरून ठेवते. हूड साच्यावर घडते. साच्याला मेण लावतात आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रंगीत जेलकोट देतात. बाहेरून दिसणारा गुळगुळीत चकचकीत थर तो हाच. त्यामागे काचेच्या तुकड्यांची मॅट अंथरतात, हार्डनर घातलेले रेझिन ब्रशने त्यात मुरवतात आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर रेझिनसह सुमारे एक मिलिमीटर जाडी देतो. तीन मिलिमीटरचे हूड हवे असेल तर असे तीन थर लागतात.

गाड्यांच्या जगात हे साहित्य सत्तर वर्षांपूर्वी आले. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट इथे ३० जून १९५३ रोजी शेव्हरोलेची पहिली कॉर्व्हेट तयार झाली. तिची सगळी बॉडी फायबरग्लासची होती आणि त्या वर्षी अशा फक्त ३०० गाड्या बनल्या. पुढे मसल कारचा काळ आला, म्हणजे मोठे इंजिन घालून सरळ रस्त्यावर वेगाची शर्यत खेळणाऱ्या गाड्यांचा. तिथे वजनाचा प्रत्येक किलो नडत असे. म्हणून फोर्डने १९६४च्या थंडरबोल्टला फायबरचे बॉनेट दिले. १९६९ मध्ये डॉज सुपर बी आणि प्लिमथ रोड रनर यांच्या एका खास आवृत्तीत बॉनेटच्या बिजागऱ्याच काढून टाकल्या होत्या. चार कोपऱ्यांतल्या चार पिना सोडवायच्या आणि दोघांनी मिळून फायबरचे अख्खे बॉनेट उचलून बाजूला ठेवायचे, अशी ती रचना होती. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन ही छोटी मोटारही १९८०च्या दशकात फायबरच्या बॉडीची होती. शर्यतीच्या गाडीला फायबर हवे होते वजन घटवायला आणि ट्रॅक्टरला ते हवे असते सावलीसाठी. पण भोक कुठे पाडायचे, बोल्ट किती आवळायचा आणि भार कुणी पेलायचा, हे नियम दोन्हीकडे एकच आहेत.

अर्ध्या वजनात तेवढाच ताठपणा

पत्र्यापेक्षा फायबर हलके, हे आपण ऐकून असतो. ते किती हलके, याचा हिशेब करून पाहू. दीड मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद हूडाचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर भरते. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे असे छत सुमारे १४ किलोंचे होईल. तीन मिलिमीटर फायबरचे सुमारे ८ किलोंत बसते.

आता ताठपणा पाहू. मॅटपासून केलेल्या फायबरचा मूळ ताठपणा पोलादाच्या जवळपास पंचविसाव्या हिश्श्याएवढाच असतो. पण सपाट तुकडा वाकायला किती विरोध करतो, हे जाडीच्या घनावर ठरते. जाडी तिप्पट केली की विरोध तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीसपट होतो. म्हणून तीन मिलिमीटरचे फायबर एक मिलिमीटरच्या पत्र्याइतके ताठ राहते आणि वजन निम्म्याच्या आसपास येते.

या हिशेबाची दुसरी बाजू गिऱ्हाइकाने ओळखली पाहिजे. विकणाऱ्याने तीनऐवजी दोन थर दिले तर साहित्य एक तृतीयांश वाचते, पण ताठपणा २७ वरून ८ वर घसरतो. स्वस्त हूड डुगडुगते ते याच कारणाने.

विकत घेताना

फिकट रंगाचे हूड उन्हाकडे धरा आणि खालून पाहा. उजेड सगळीकडे सारखा झिरपत असेल तर थर सारखे पडले आहेत. मधेच उजळ डाग दिसला तर तिथे मॅट पातळ आहे. आतल्या बाजूला कोरडे पांढरट धागे दिसले तर तिथे रेझिन मुरलेले नाही. नाण्याने टकटक करून बघा. घट्ट जागी आवाज टणक येतो आणि बुडबुडा असेल तिथे पोकळ येतो. कडा खाली वळवलेल्या आहेत का आणि मधे कमान किंवा आडव्या पट्ट्या आहेत का, तेही तपासा. सपाट हूडापेक्षा वळणे असलेले हूड पुष्कळ ताठ असते.

साच्यातून नुकतेच काढलेले हूड पूर्ण पक्के झालेले नसते. ते भिंतीला तिरपे टेकवून ठेवले तर तसेच वाकडे होऊन बसते आणि मग भोके जुळत नाहीत. घरी आणले तर सपाट जागेवर ठेवा. रंग शक्यतो पांढरा किंवा फिकट घ्या. गडद रंग ऊन शोषतो, फायबर जास्त तापते आणि त्याची झळ थेट डोक्याला लागते.

आधी सांगाडा, मग हूड

हूडाचा भार हूडाने पेलायचा नसतो, तो लोखंडी सांगाड्याने पेलायचा असतो. सांगाड्याचे पाय नुसत्या मडगार्डच्या पत्र्याला जोडले तर वर्षभराच्या थरथरीने तो पत्राच फाटतो. पाय मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगपर्यंत किंवा मडगार्डच्या मजबूत ब्रॅकेटपर्यंत न्यायला हवेत. सांगाडा समतळ आहे ना, हे हूड चढवण्याआधीच तपासावे. तीन कोपरे टेकले आणि चौथा अधांतरी राहिला तर तो बोल्टने ओढून खाली बसवण्याचा मोह होतो. असे ओढून बसवलेले फायबर कायम ताणात राहते आणि तडकायला त्याच कोपऱ्यापासून सुरुवात करते. फट असेल तिथे रबराचा तुकडा घालून उंची जुळवावी.

आता भोक. ८ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक साडेनऊ मिलिमीटरचे पाडावे. लोखंडापेक्षा फायबर उष्णतेने जास्त प्रसरण पावते. पहाटेचा गारवा आणि दुपारचे ऊन यांत हूडाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर दीड मीटर लांबीवर फायबर आणि लोखंड यांच्यात जवळपास एक मिलिमीटरचा फरक येतो. भोक सैल असेल तर हूड तेवढे सरकून घेते. घट्ट असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ भोकाच्या कडेवर जोर येतो. कडेपासून भोकाचे अंतर बोल्टच्या जाडीच्या निदान तिप्पट, म्हणजे २५ मिलिमीटर तरी असावे.

भोक पाडायच्या जागी चिकटपट्टी लावा आणि मागून लाकडाचा ठोकळा धरा. ड्रिल जेलकोटच्या बाजूने चालवा, आधी तीन मिलिमीटरचे बिट आणि मग मोठे. भोकाच्या तोंडाशी जेलकोट किंचित उतरता घासून घ्या, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा तिथून पसरत नाहीत. उघड्या पडलेल्या कडेला ब्रशने थोडे रेझिन लावा, नाहीतर पावसाचे पाणी काचेच्या धाग्यांतून आत शिरते. हे काम करताना नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. फायबरची धूळ कातडीला खाजवते आणि छातीत गेली तर त्रास देते. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. ताबडतोब भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा.

बोल्टखाली वर आणि खाली दोन्हीकडे तीसेक मिलिमीटरचे रुंद वायसर हवेत. फायबर आणि लोखंड यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटर जाड रबर घाला. नट नायलॉनच्या कड्याचा घ्या, म्हणजे तो कमी आवळला तरी थरथरीने सुटत नाही. गॅरेजमध्ये हमखास होणारा संवाद इथे आठवतो. मालक म्हणतो, “भाऊ, अजून एक पीळ दे, सुटायला नको.” जाणता कारागीर पाना खाली ठेवत म्हणतो, “नको दादा, रबर दबलं की बास. आता पिळलं की तडकलंच समजा.” हा कारागीर बरोबर आहे. रबर किंचित फुगलेले दिसले की थांबायचे. दिवसभर काम झाल्यावर सगळे बोल्ट एकदा तपासायचे आणि मग दर महिन्याला पाहायचे.

हूडाच्या आतून स्पीकर टांगायचे असतील तर ते सांगाड्याला अडकवा, फायबरला नाही. खड्ड्यातून जाताना स्पीकरचा प्रत्येक हिसका ज्या भोकावर बसतो, ते भोक फार दिवस टिकत नाही.

वळवाच्या वाऱ्यात हूडाला खालून उचल मिळते, याचाही विचार हवा. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब १.८ चौरस मीटरवर ३० किलो वजनाच्या आसपास भरतो. आठ किलोंच्या हूडाला हा जोर मोठा आहे. चारऐवजी सहा जागी बोल्ट दिले तर तो वाटला जातो.

छत म्हणजे संरक्षण नव्हे

इथपर्यंतचे सगळे नीट केले तरी हूड सावलीच देणार. ट्रॅक्टर उलटला तर दोन टनांच्या यंत्राखाली आठ किलोंचे फायबर आणि त्याचा बारीक पाइपचा सांगाडा क्षणभरही टिकत नाही. ट्रॅक्टर उलटल्यावर ड्रायव्हरसाठी जागा राखून ठेवते ती वेगळी, जाड पोलादाची, अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगला बोल्टने पक्की केलेली चौकट. तिला रोल ओव्हर प्रोटेक्शन स्ट्रक्चर, थोडक्यात रॉप्स म्हणतात. ठरलेला भार आणि धक्का देऊन ती चौकट किती वाकते हे मोजतात आणि मगच तिला प्रमाणपत्र मिळते. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू घटत गेले.

आपल्याकडे धोक्याच्या जागा कमी नाहीत. मुळा कालव्याचे भराव, चाऱ्यांच्या कडा, ओढ्याचे उतार आहेत. भरल्या ट्रॉल्या घेऊन फडातून पक्क्या रस्त्यावर चढताना पुढची चाके हलकी होतात. ट्रॉली ड्रॉबारऐवजी वरच्या जागी जोडली असेल तर ट्रॅक्टर मागे उलटायला वेळ लागत नाही. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात तो सावरता न येण्याच्या टप्प्याला पोचतो. तेवढ्यात क्लच दाबायचे सुचतही नाही.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ट्रॅक्टरला रॉप्स असेल तर हूड तिला यू-बोल्टने किंवा कंपनीने दिलेल्या ब्रॅकेटने जोडा. तिच्या खांबाला भोक पाडू नका आणि वेल्डिंगही करू नका, कारण प्रमाणित चौकट तेवढ्यानेही कमजोर होते. रॉप्स असेल तर सीटबेल्ट बांधा, म्हणजे ट्रॅक्टर उलटताना तुम्ही चौकटीच्या आतच राहता. रॉप्स नसेल, नुसते हूड असेल, तर सीटबेल्ट बांधू नका, कारण मग तो पट्टा तुम्हाला यंत्राखाली धरून ठेवतो.

जुन्या ट्रॅक्टरवर खर्च करायला हातात थोडेच पैसे असतील तर आधी आपल्या मॉडेलसाठी प्रमाणित चौकट मिळते का, हे डीलरकडे विचारा. ती मिळाली तर ती आधी बसवा आणि हूड नंतर तिच्यावर चढवा. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकाने तर हा क्रम कधीच उलटा करू नये. उन्हाचा त्रास टोपीने आणि उपरण्याने थोडा तरी कमी होतो. उलटलेल्या ट्रॅक्टरखालून माणूस वाचवायला चौकटीशिवाय दुसरा उपाय नाही.

पुढील लेखांकात : तडकलेले फायबर घरच्या घरी कसे सांधायचे, भेग पुढे जाऊ नये म्हणून काय करायचे आणि कोणते हूड दुरुस्तीच्या पलीकडे गेले हे कसे ओळखायचे.