शिट्टी पंचाची, साक्ष कॅमेऱ्याची!

तरण्याबांड आघाडीवीराचा बहरलेला मोसम, पंधरा दिवसांत पेटलेले दोन वाद आणि एकच प्रश्न : भारतीय फुटबॉलमध्ये पंचाच्या मदतीला व्हिडिओ हवा की नको?

बंगळूरचे शिवाजीनगर. संध्याकाळी रसेल मार्केटात झुंबड उडालेली असते, सेंट मेरी बॅसिलिकासमोर भाविकांची रांग असते आणि एकाच दुकानात तमिळ, उर्दू, कन्नड अशा तीन भाषांत घासाघीस चाललेली असते. नाव ऐकून आपल्यासारख्या मराठी माणसाला साहजिकच आपलेपणा वाटतो. वाटायलाच हवा! एके काळी बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीला पुढे शिवछत्रपतींचे नाव मिळाले.

पण आपल्याकडच्या शिवाजी पार्कची सवय असलेल्या माणसाला इथे एक गंमत जाणवते. या जुन्या लष्करी पट्ट्यात, म्हणजे शिवाजीनगर, अलसूर, ऑस्टिन टाऊन या भागांत, क्रिकेटच्या जोडीने फुटबॉलचेही वेड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. अलसूरजवळच्या गौतमपुरात तर चक्क पेलेचा पुतळा आहे! गोऱ्या शिपायांनी आणलेला हा खेळ स्थानिक पोरांनी अनवाणी पायांनी आपलासा केला. मुंबईत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय संघ कोणता, ठाऊक आहे? १९३७ सालचा बंगळूर मुस्लिम्स! पुढच्याच वर्षी त्यांनी तो चषक पुन्हा नेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारा सारंगपाणी रामन बंगळूरचाच. बुटांशिवाय खेळणाऱ्या त्या संघाला दोन पेनल्टी वाया गेल्याची हळहळ मात्र जन्मभर पुरली.

अशा गावात एखादा पोरगा गोल करू लागला की त्याच्याकडे नजरा वळणारच. २०२२-२३ च्या मोसमात त्या वळल्या शिवशक्ती नारायणनकडे.

छेत्रीच्या जागेवर कोण?

शिवशक्ती मूळचा बंगळूरचा नव्हे. तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यातला हा मुलगा २००१ साली जन्मला. भारताचा माजी आघाडीवीर रामन विजयन याच्या फुटबॉल शाळेत तो घडला आणि बंगळूर एफसीच्या राखीव संघातून वर आला. अंगकाठी लहानखुरी, पण बचावपटूंच्या मधल्या फटीतून सुळकन निसटण्याची हातोटी विलक्षण. १८ सप्टेंबर २०२२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीविरुद्ध पहिला गोल त्याचा होता. बंगळूरने तो सामना २-१ असा जिंकला. पाठोपाठ इंडियन सुपर लीगमध्ये त्याने सहा गोल केले.

सहा हा आकडा छोटा वाटेल. पण आपल्या लीगमधली परिस्थिती लक्षात घ्या. बहुतेक संघ गोल करण्याचे काम परदेशी खेळाडूंवर सोपवतात. भारतीय मुलाला मधल्या आघाडीची जागा मिळणे म्हणजे मोठ्या कंपनीत मालकाच्या मुलाऐवजी कारकुनाने खुर्ची मिळवण्यासारखे! इथे तर ती खुर्ची साक्षात सुनील छेत्रीची होती. भारतातर्फे सर्वाधिक गोल करणारा छेत्री त्या मोसमात अनेकदा राखीव खेळाडूंत बसे आणि सुरुवातीच्या अकरांत शिवशक्ती असे.

आघाडीवीराचे आयुष्य आकड्यांवर चालते. बचावपटूच्या दहा चांगल्या अडवणुकी कुणी मोजत नाही, पण आघाडीवीराचा प्रत्येक गोल मोजला जातो. त्यावर पुढचा करार ठरतो, भारतीय संघाचे बोलावणे ठरते. म्हणूनच सहाय्यक पंचाचा झेंडा चुकून वर गेला आणि एक खरा गोल पुसला गेला, तर नुकसान फक्त संघाचे होत नाही. विशीतल्या एका मुलाच्या जमेतला सहावा भाग जातो!

पहिला वाद : शिट्टी की शब्द?

आता ३ मार्च २०२३ ची रात्र. बंगळूरच्या श्री कंठीरव स्टेडियममध्ये बंगळूर आणि केरळा ब्लास्टर्स यांच्यात बाद फेरीचा सामना. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेतल्या सहाव्या मिनिटाला बंगळूरला फ्री किक मिळाली. केरळाचा गोलरक्षक खेळाडूंची भिंत उभी करत होता. तेवढ्यात छेत्रीने चेंडू अलगद जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळाचे खेळाडू भडकले, प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले आणि तो परतलाच नाही! सामना बंगळूरला बहाल झाला. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळा क्लबला चार कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

नियम काय सांगतो? फ्री किक मिळालेला संघ झटपट खेळू शकतो. मात्र पंचाने भिंत मागे सरकवण्याचे काम हाती घेतले असेल, तर शिट्टीची वाट पाहावी लागते. भांडण नेमके इथेच होते. ‘पंचाने थांबायला सांगितले होते’ असे एका बाजूचे म्हणणे, ‘नव्हते’ असे दुसऱ्या बाजूचे.

दुसरा वाद : रेषेच्या आत की बाहेर?

मुंबई सिटीला उपान्त्य फेरीत टायब्रेकरवर ९-८ असे हरवून बंगळूर अंतिम फेरीत पोचले. १८ मार्च २०२३, गोव्याचे फातोर्डा मैदान, समोर एटीके मोहन बागान. शिवशक्ती सुरुवातीच्या अकरांत होता. पण दैव आडवे आले! पहिल्या काही मिनिटांतच तो जायबंदी झाला आणि त्याच्या जागी छेत्रीला उतरावे लागले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्यांपैकी एक हा मुलगा बाकावरून पाहत राहिला.

सामना चुरशीचा झाला. ७८ व्या मिनिटाला रॉय कृष्णाच्या हेडरने बंगळूर २-१ असे पुढे गेले. चषक हाताशी आलेला असतानाच ८५ व्या मिनिटाला मोहन बागानला पेनल्टी मिळाली. कियान नासिरीला पाडले गेले होते हे खरे, पण कुठे? पेनल्टी क्षेत्राच्या रेषेच्या आत की बोटभर बाहेर? बाहेर असेल तर नुसती फ्री किक, आत असेल तर पेनल्टी. पंचाने पेनल्टी दिली, पेट्राटोसने ती साधली आणि २-२ बरोबरीनंतर टायब्रेकरवर मोहन बागान ४-३ असे जिंकले. टीव्हीवर पुन्हा पुन्हा ती दृश्ये पाहून बंगळूरचे चाहते चडफडत राहिले. क्लबचे मालक पार्थ जिंदाल यांनी तर लीगमध्ये व्हिडिओ पंच आणायलाच हवेत, अशी जाहीर मागणी केली.

‘व्हीएआर’ म्हणजे काय?

व्हिडिओ असिस्टंट रेफरी, थोडक्यात ‘व्हीएआर’. मैदानाबाहेरच्या खोलीत काही पंच पडद्यांसमोर बसतात. वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली दृश्ये ते तपासतात आणि मैदानावरच्या पंचाच्या कानात सूचना देतात. पण ऊठसूट नव्हे! गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड या चारच बाबतींत, आणि तेही चूक स्पष्ट व ढळढळीत असेल तरच. पंच मैदानाकडेच्या पडद्यावर स्वतः दृश्य पाहू शकतो. अखेरचा शब्द त्याचाच असतो.

मार्च २०१८ मध्ये नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने या पद्धतीला मान्यता दिली आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात ती वापरली गेली. हे आधीच व्हायला हवे होते, असे इंग्लंडमध्ये कुणीही सांगेल. १९८६ साली मॅराडोनाने हाताने मारलेला गोल आणि २०१० साली जर्मनीविरुद्ध रेषेच्या आत पडूनही नाकारला गेलेला लॅम्पार्डचा गोल, या दोन्ही जखमा त्यांच्याच!

आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. क्रिकेटमध्ये तिसरा पंच आला तो नोव्हेंबर १९९२ मध्ये, डर्बानच्या कसोटीत. टीव्हीवर पाहून धावबाद ठरवला गेलेला पहिला फलंदाज कोण होता? आपला सचिन तेंडुलकर! तेव्हाही ‘पंचाचा मान गेला’ म्हणून नाके मुरडली गेली होती. आज तिसऱ्या पंचाशिवाय कसोटीची कल्पनाही कुणी करत नाही.

कॅमेरा सर्वज्ञ नसतो

मग आणा की व्हिडिओ, प्रश्न मिटला! इतके सोपे मात्र नाही. वरचे दोन वाद शेजारी ठेवून पाहा. फातोर्ड्याचा प्रश्न रेषेचा होता आणि असे प्रश्न सोडवण्यासाठीच व्हीएआर आहे. कंठीरवचा प्रश्न मात्र पंच काय बोलला याचा होता. कॅमेऱ्याला पाय दिसतो, शब्द ऐकू येत नाही! शिवाय खेळ पुन्हा कसा सुरू झाला ही बाब त्या चार बाबतींत बसतही नाही. म्हणजे व्हीएआर असता तरी केरळाचा संघ कदाचित तसाच निघून गेला असता.

दुसरे असे की पडद्यासमोरही शेवटी माणूसच बसतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासचा गोल झेंडा वर गेल्याने नाकारला गेला. व्हिडिओ पंचाने दृश्य बरोबर तपासले, पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीत ‘ठीक आहे’ म्हणून टाकले. खरा गोल गेला आणि लिव्हरपूल हरले! जून २०२४ मध्ये वुल्व्हज क्लबने व्हीएआर बंद करण्याचा प्रस्तावच प्रीमियर लीगपुढे मांडला. तो १९ विरुद्ध १ अशा मतांनी फेटाळला गेला. स्वीडनने मात्र चाहत्यांच्या विरोधामुळे २०२४ मध्ये ही पद्धत नकोच म्हटले. गोल झाल्यावर नाचायचे की पडद्याकडे पाहत थांबायचे, हा त्यांचा सवाल होता.

आणि आपल्याकडे सर्वांत मोठी अडचण पैशाची. पुरेसे कॅमेरे, यंत्रणा, प्रशिक्षित माणसे हे सारे प्रत्येक मैदानावर उभे करायचे. म्हणूनच अंतिम सामन्याच्या वादानंतर महासंघाने बेल्जियमच्या धर्तीवर कमी खर्चाची पद्धत आणण्याची चाचपणी केली. तरीही २०२४-२५ चा मोसम व्हीएआरविनाच पार पडला. जागतिक महासंघाने २०२४ पासून आणखी स्वस्त पर्याय अजमावायला घेतला आहे. त्यात वेगळे व्हिडिओ पंच नसतात. प्रशिक्षकाने सामन्यात दोनदा दाद मागायची आणि पंचाने स्वतः पडद्यावर पाहून निकाल द्यायचा. क्रिकेटच्या ‘रिव्ह्यू’ची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला ही पद्धत पटकन उमगेल.

एका रात्रीचे अंतर

या कहाणीत एक विलक्षण योगायोग दडला आहे. कंठीरवच्या गोंधळानंतर अवघ्या एका दिवसाने, ४ मार्च २०२३ रोजी, सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये संतोष करंडकाचा अंतिम सामना झाला. कर्नाटकने मेघालयाला ३-२ असे हरवले आणि म्हैसूर या नावाने खेळत असतानाच्या दिवसांनंतर, तब्बल ५४ वर्षांनी, करंडक घरी आणला. आणि त्या सामन्यात व्हीएआर होता! यजमानांकडे यंत्रणा तयार असल्याने भारताच्या राष्ट्रीय स्पर्धेला ती प्रथमच लाभली. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरच्या मैदानांवरही ती होती.

म्हणजे आपल्या मुलामुलींना व्हीएआर ठाऊकच नाही असे नव्हे. पाहुणे येतात तेव्हा तो घरात असतो, पाहुणे गेले की तोही जातो!

शिवाजीनगरच्या गल्लीत आज दगडांचे गोलखांब करून खेळणाऱ्या पोरांमध्ये उद्याचा एखादा रामन किंवा शिवशक्ती असेल. त्यांच्या खेळात पंच नसतो, कॅमेरा नसतो. ‘गोल झाला’, ‘नाही झाला’ हे आरडाओरडा करून ठरते आणि पाच मिनिटांत सारे विसरून खेळ पुढे चालू होतो. मोठ्या मैदानावर ते परवडत नाही, कारण तिथे एका रेषेवर कुणाचे तरी वर्ष लटकलेले असते. दुखापतीने हिरावलेला सामना शिवशक्तीला कुठलाही कॅमेरा परत देऊ शकला नसता. त्याला नशीब म्हणतात आणि खेळाडू ते सोसतात. पण डोळ्यांना धडधडीत दिसणारी चूक नशिबाच्या खात्यावर का टाकायची? निदान तेवढी तरी पुसता यावी, एवढीच त्या पोरांची रास्त मागणी असेल.