अस्सलतेचे निकष : अभिजात मोटारींचे परीक्षण आणि भोर-वेल्हे परिसरातील वारसा

प्रस्तावना

जुन्या मोटारींचे प्रदर्शन म्हटले की चकाकणारा रंग, झळाळणारे बंपर आणि भोवती जमलेली गर्दी असे चित्र डोळ्यांसमोर येते. हा श्रीमंतांचा छंद आहे, असाही सर्वसाधारण समज आहे. परंतु या प्रदर्शनांतील परीक्षक ज्या प्रश्नाला सामोरे जातात, तो केवळ मोटारींपुरता मर्यादित नाही. एखादी वस्तू 'अस्सल' कधी म्हणावी? तिच्यातील किती भाग बदलले तर ती मूळची राहत नाही? काळाने तिच्यावर उमटविलेल्या खुणा पुसाव्यात की जपाव्यात? दुर्ग, वाडे, हस्तलिखिते आणि यंत्रे यांच्या जतनात हेच प्रश्न उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात मोटारींच्या परीक्षणाचे निकष स्पष्ट करून भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

गुणदानाच्या दोन पद्धती

मोटारींच्या परीक्षणाच्या स्थूलमानाने दोन परंपरा आहेत. पहिली सौंदर्यप्रधान होय. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या या परंपरेत मोटारीची घडण, प्रमाणबद्धता आणि एकूण प्रभाव पाहून परीक्षक कौल देतात. इटलीतील व्हिला द'एस्ते येथे 1929 साली सुरू झालेला सोहळा याच परंपरेतील आहे. दुसरी परंपरा वजाबाकीची आहे. ती विशेषतः अमेरिकेतील मंडळांनी विकसित केली. मोटारीला आरंभी पूर्ण गुण दिले जातात आणि दोष आढळेल तसे ते कमी केले जातात. काही मंडळे 100 गुणांची, तर काही 400 गुणांची पद्धत वापरतात. सांगाडा, इंजिन, बाह्यांग व अंतर्भाग असे विभाग पाडून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी होते.

या तपासणीत परीक्षक बारकाईने पाहतात. चासी आणि इंजिनवर ठोकलेले क्रमांक कागदपत्रांशी जुळतात काय, काचेवरील निर्मात्याची खूण त्या काळातील आहे काय, विजेच्या तारांना सुती वेष्टण आहे की प्लास्टिकचे, आसनांना मूळचे चामडे आहे की नंतरचे रेक्झिन, बोल्टची डोकी त्या काळच्या मापाची आहेत काय, अशा गोष्टींवर गुण अवलंबून असतात. कारखान्यातून मोटार बाहेर पडली त्यापेक्षा ती अधिक चकचकीत केली, तर तो गुण न मानता दोष मानावा, असाही एक महत्त्वाचा विचार येथे आढळतो. सेल्युलोज रंगाची मंद झाक असलेल्या मोटारीला आजचा आरशासारखा रंग दिला, तर ती देखणी होते. पण ती त्या काळची राहत नाही.

'नवे करणे' ते 'जतन करणे'

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात प्रदर्शनांचा कल संपूर्ण जीर्णोद्धाराकडे होता. मोटार सुटी करावी, प्रत्येक भाग घासून नवा करावा आणि पुन्हा जोडावी, हा आदर्श होता. पुढे या आदर्शाविषयी शंका निर्माण झाली. जीर्णोद्धार कितीही वेळा करता येतो, परंतु मूळ रंग, मूळ शिवण, मूळ झीज एकदा गेली की परत मिळत नाही, ही जाणीव वाढली. अमेरिकेतील पेबल बीच येथे 1950 पासून भरणाऱ्या प्रदर्शनात पुढे अस्पर्शित मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग करण्यात आला, तो याच जाणिवेतून.

या विचाराला सैद्धांतिक बैठक ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने दिली. 1966 मध्ये स्थापन झालेला हा महासंघ 'फिवा' या नावाने ओळखला जातो. त्याच्या तुरीन सनदेचा पाया वास्तुजतनविषयक 1964 च्या व्हेनिस सनदेत आहे. व्हेनिस सनदेनुसार जिथे अनुमान सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नव्याने घातलेला भाग मुळापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. तुरीन सनद हेच तत्त्व वाहनांना लावते आणि आणखी एक पाऊल पुढे जाते. वाहन नित्य वापरात असताना त्यात झालेले बदल हे त्या वाहनाच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत. म्हणून ते जपावेत आणि वाहन निर्मितीच्या दिवशी होते तसेच केले पाहिजे असा आग्रह धरू नये, असे ती मानते.

भारतीय नियम

भारतात या प्रश्नाला आता कायदेशीर परिमाण लाभले आहे. केंद्र शासनाने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'विंटेज' म्हणून नोंदणीची सोय केली. अशा वाहनांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये व पुनर्नोंदणीसाठी 5,000 रुपये शुल्क आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांसाठीच वाहन रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वा नित्य वापर करता येत नाही.

यातील कळीची अट अस्सलतेची आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, असे नियम सांगतो. वाहनाची पाहणी करून ते पात्र ठरविण्याचे काम राज्यस्तरीय समितीकडे आहे. याचा अर्थ असा की, जो निर्णय प्रदर्शनातील परीक्षक चषकासाठी घेत होते, तोच निर्णय आता शासकीय समिती वाहनाच्या अस्तित्वासाठी घेते. फिवाच्या वर्गीकरणात मूळ, जपलेले, जीर्णोद्धारित व पुनर्बांधणी केलेले अशा पायऱ्या आहेत. भारतीय नियमात मात्र उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच आहे.

स्थानिक संदर्भ

भोर-वेल्हे हा डोंगराळ मुलूख. येथील घाटवाटांवर आणि आडवळणाच्या गावांत प्रवाशांची ने-आण दीर्घकाळ वडापच्या जीपगाड्यांनी केली. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि हे लष्करी वाहन ग्रामीण महाराष्ट्राचे वाहन बनले. पेट्रोल परवडेना म्हणून अशा अनेक जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन बसविले गेले, मागे बाकडी आली, वर टपाचा सांगाडा आला. नियमाच्या काटेकोर वाचनानुसार इंजिन बदललेली जीप विंटेज नोंदणीस अपात्र ठरू शकते. तुरीन सनदेच्या दृष्टीने मात्र तेच बदल या परिसराच्या सामाजिक-आर्थिक इतिहासाचा पुरावा आहेत. राजेरजवाड्यांच्या आलिशान मोटारी बंदिस्त गॅरेजमध्ये जपल्या गेल्या. राबणारे वाहन मात्र बदलल्याशिवाय जगूच शकले नाही. अस्सलतेचा निकष केवळ कारखान्याच्या दाराशी नेऊन ठेवला, तर श्रमिकांच्या वापरातील वस्तू वारशातून आपोआप वगळल्या जातात.

हाच प्रश्न येथील वास्तूंबाबतही आहे. वेल्ह्यातील राजगडाचा समावेश 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाखाली 12 किल्ल्यांमध्ये झाला. या यादीत अस्सलता व अखंडता या दोन्ही कसोट्या आवश्यक असतात. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी ढासळलेल्या ठिकाणी सावरताना मूळ चिरे वापरावेत, की नव्या दगडाने भिंत देखणी करावी, हा निर्णय मोटारीच्या रंगाविषयीच्या निर्णयाहून तत्त्वतः वेगळा नाही. 1948 मध्ये विलीन झालेल्या भोर संस्थानचा राजवाडा चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी वापरला जातो; तेथेही देखावा आणि दस्तऐवज यांतील सीमारेषा सांभाळावी लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, अस्सलता हा वस्तूचा एकच गुण नसून घटक, घडण, वापर आणि कागदपत्रे यांच्या परस्परसंबंधांतून ठरणारा निर्णय आहे. म्हणून परीक्षकाने 'हे मूळ आहे काय?' या प्रश्नाबरोबरच 'हे कोणत्या काळाचे मूळ आहे?' हाही प्रश्न विचारला पाहिजे. विंटेज नोंदणीच्या समित्यांत तंत्रज्ञांबरोबर इतिहासाचे अभ्यासकही असावेत आणि पात्रतेच्या पायऱ्या ठरवाव्यात, हे इष्ट होय. महाविद्यालयांच्या पातळीवर परिसरातील जुन्या वाहनांची क्रमांक, झालेले बदल व मालकांच्या आठवणी यांसह नोंद करणे सहज शक्य आहे. इतिहास, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही विभागांना एकत्र आणणारा असा उपक्रम वेळेत हाती घेतला नाही, तर या गाड्या भंगारात जातील आणि त्यांच्याबरोबर या मुलखाच्या दळणवळणाचा एक अलिखित अध्यायही नाहीसा होईल.