मांजर गाभण आहे का? गोळी देण्याआधी पाहा

गेल्या श्रावणात पंचवटीतल्या आमच्या घरची मनी दोन दिवस नीट जेवेना. एकदा उलटीही झाली. जंत झाले असतील म्हणून मी घरातली अल्बेंडाझोलची गोळी कुटायला घेतली. तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. आधी तिचे सड बघ." पाहतो तो स्तनाग्रे टपोरी, गुलाबी झालेली. मनी गाभण होती! ती गोळी पोटातल्या पिल्लांना घातक ठरू शकली असती.

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. पोट पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागते. स्तनाग्रांचा रंग मात्र तिसऱ्या आठवड्यातच बदलतो. माजावर आलेल्या मांजरीचे बोक्याशी मीलन होऊन तिचे रात्रीचे ओरडणे, लोळणे थांबले, तर दिवस मोजू लागावे. काही मांजरी थोडे दिवस कमी खातात, जास्त झोपतात. पोट दाबून पाहू नये. पशुवैद्यक चौथ्या आठवड्यात हाताने तपासून किंवा सोनोग्राफीने खात्री करतात. उलट्या थांबत नसतील तर लगेच दाखवावे.

माणसांची औषधे मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉल तर मांजरीला विषच, मग ती गाभण असो वा नसो.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर मांजरीची विष्ठा तिने काढू नये. त्यातून टॉक्सोप्लाझ्माची लागण होऊ शकते. मांजरीला घराबाहेर काढण्याची मात्र गरज नाही.

आमच्या मनीला चार पिल्ले झाली. गोळी अजून डबीतच आहे.